दोन्ही याद्यांत नसलेल्या लिफ्ट

८ जानेवारी, सोमवार

ही वही तीन वर्षं कपाटात कोरी पडली होती. आज उघडली, कारण आज जे झालं ते मला विसरायचं नाही. स्मरणशक्ती माझी पक्की आहे, पण राग हळूहळू उतरतो, आणि हा राग मला उतरू द्यायचा नाहीये.

सकाळी अकराला बैठक होती. आमचं कार्यालय शहरातल्या लिफ्टच्या तपासणीचं. एका लिफ्टला एक कार्ड, अशी दोन हजार एकशे चाळीस कार्डं एकोणीस वर्षं मी एकटीनं सांभाळली. तीन महिन्यांपूर्वी नवा प्रमुख आला. माझ्याहून सतरा वर्षांनी लहान. दर वाक्याला ‘चकाचक’ म्हणतो. टेबल चकाचक, फाइल चकाचक. मी मनातल्या मनात त्याचं नावच चकाचक ठेवलंय. त्यानं सगळी कार्डं संगणकात भरायला घेतलीयत. तर आज माझं एक कार्ड दोन बोटांत धरून त्यानं वर केलं आणि विचारलं, “हे काय? माश्या बसल्या होत्या का कार्डांवर?”

सगळे हसले. अगदी सगळे. ज्यांच्या आजारपणात मी डबे पोचवले, तेसुद्धा.

माशीची घाण नव्हती ती, माझं टिंब होतं. कार्डावर एक रकाना आहे, ‘तार शेवटची कधी बदलली’. तारीख ठाऊक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर काय लिहायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, माझं मी ठरवलं. तार आहे, बदललीही आहे, पण कधी ते कोणालाच आठवत नाही, तिथे पेन्सिलीनं टिंब. तारच नाही, म्हणजे लिफ्ट तेलावरची, खालून दट्ट्यानं वर ढकलायची, चार-पाच मजल्यांच्या वर सहसा न जाणारी, तिथे आडवी रेघ. आणि कोणी विचारलंच नसेल तर रकाना रिकामा. प्रत्येक टिंबाला आणि रेघेला कार्डाच्या पाठीवर कागद चिकटवलेला आहे. कोणी सांगितलं, केव्हा सांगितलं, सही.

चकाचकनं हुकूम काढला: तारीख असेल तिथे तारीख घाला, बाकी सगळं रिकामं. मी म्हटलं, “साहेब, त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.” तर म्हणतो, “बाई, यंत्राला एकच रिकामं कळतं. आणि ही टिंबं तुम्ही कशावरून दिलीत, मला काय माहीत?”

कशावरून! मला विचारतो! कार्ड उलटून बघायचे कष्ट नाहीत. वर मला कार्डखोलीतून उचलून टपालाच्या खिडकीवर बसवलं. अंगाचा नुसता तिळपापड झालाय. याची जिरवल्याशिवाय मी निवृत्त होणार नाही. हे लिहून ठेवलं म्हणजे ठेवलं.

१२ जानेवारी, शुक्रवार

आज हातात असं काही आलंय की घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

संगणकाचं काम करायला एक कंत्राटी गृहस्थ येतात. पन्नाशीचे, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, शांत माणूस. आम्ही सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतो. दुपारी खिडकीशी आले आणि हळूच म्हणाले, “बाई, जरा या. एक गंमत दाखवतो. गंमत म्हणजे... गंमत नाहीच म्हणा.”

त्यांनी यंत्राला विचारलं, पाच वर्षांपेक्षा जुनी तार कुठे कुठे आहे? उत्तर आलं, तीनशे बारा. मग विचारलं, पाच वर्षांच्या आतली तार कुठे आहे? एक हजार चारशे अकरा.

“बेरीज करा,” म्हणाले.

मी कागदाच्या कपट्यावर केली. एक हजार सातशे तेवीस. म्हणजे चारशे सतरा लिफ्ट दोन्हीकडे नाहीत! ना जुन्यांत, ना नव्यांत.

“रिकामा रकाना आला की यंत्र हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही,” चष्मेवाले म्हणाले. “त्याला माहीत नसतं. आणि जे माहीत नाही ते यादीत घ्यायचं नाही, असा त्याचा स्वभाव. आता तुम्हीआम्ही सांगू, की तार असेल तर ती एकतर जुनी असणार नाहीतर नवी, त्या रकान्यात कुठलीही तारीख घालून बघा. यंत्राला एवढंही कळत नाही. दोन प्रश्न वेगळे विचारलेत, त्यानं दोनदा हात वर केले.”

“आणि साहेबांना?”

“साहेबांना वाटतंय की रिकामं असलं की यंत्र ते जुन्यांतच धरतं. त्या तीनशे बारांत सगळं आलं असं ते समजतायत. दोन याद्या दोन पानांवर येतात, बेरीज कोण करतो?” मग चष्मा पुसत म्हणाले, “तुमची खुणांची पद्धत फार चांगली होती हो. या रिकाम्या जागांवर विद्वानांनी जाडजूड पुस्तकं लिहिलीत, आणि तुम्ही पेन्सिलीनं काम भागवलंत. फक्त रेघेला जपायला हवं. टिंब चुकलं तर तपासनिसाला फार तर फुकटचा हेलपाटा. रेघ चुकली तर तिथे कोणी कधी जाणारच नाही.”

“माझी रेघ चुकत नाही,” मी म्हटलं.

“तसं नाही म्हणत मी. साहेबांना सांगायला हवं हे. सांगू?”

“तुम्ही कशाला वाईटपणा घेता? तुमचं कंत्राट आहे. मी सांगते.”

बिचारा मोकळा झाला. मी सांगणार आहे, नक्की सांगणार आहे. पण केव्हा ते मी ठरवणार. २२ फेब्रुवारीला आमच्या कार्यालयावर देखरेख करणाऱ्या मंडळासमोर चकाचकचं सादरीकरण आहे. अध्यक्षीणबाई येणार, तपासनीस येणार, वार्ताहर येणार. तेव्हा मी टपालाच्या खिडकीवरून उठून हात वर करीन आणि एकच प्रश्न विचारीन: साहेब, एकूण किती?

१४ जानेवारी, रविवार

ताईकडे जेवायला गेले. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांची होते, तेव्हापासून वेण्या घालण्यापासून शाळेच्या सहीपर्यंत सगळं हिनंच केलं. अजून मला ‘धाकटे’ म्हणूनच हाक मारते. आता गुडघे गेलेत तिचे. आठव्या मजल्यावर राहते, जिना तिला परदेशासारखाच.

चकाचकची गोष्ट सांगितली तर म्हणाली, “अगं, लहान आहे तो. सोडून दे.” ताईचं हे असंच. हिला आयुष्यात कोणाचा राग धरता आला नाही.

“तू नको शिकवूस,” मी म्हटलं. “तुला तो माशी म्हणाला असता तर कळलं असतं.”

“मला म्हणाला असता तर मी उडाले असते,” म्हणाली आणि स्वतःच हसत बसली.

जेवताना कुरकुर चालू होती: लिफ्ट वीतभर खाली थांबते, परवा पाय अडखळला, आणि वरून खरखर आवाज येतो. भाऊजी म्हणाले, “हिला सगळीकडे खरखर ऐकू येते. रेडिओतसुद्धा.” भाऊजी चित्रकलेचे शिक्षक होते, आता निवृत्त, पण इमारतीचा कारभार सगळा त्यांच्याकडे. यांच्या लिफ्टचं कार्ड मी याच टेबलावर बसून भरलं होतं, चौदाएक वर्षांपूर्वी. मी विचारलं, तार कधी बदललीत? भाऊजी म्हणाले, आमची तेलावरची. मी माझ्या डोळ्यांनी तेल ओतताना पाहिलंय. झालं, एक ओळीचं काम. बाकीच्या इमारतींकडून कागद काढून घेताना जीव मेटाकुटीला यायचा. घरचं माणूस असलं की किती बरं असतं.

१९ जानेवारी, शुक्रवार

भरून झालेली कार्डं ३१ तारखेला लगद्याला जाणार. म्हणजे यंत्रात रिकामं आणि बाहेर पुरावा नाही. चकाचक!

पण मी काय बांगड्या भरून बसलेय? कार्डखोलीची दुसरी किल्ली अजून माझ्याकडेच आहे. गेले चार दिवस जेवणाच्या सुट्टीत जाऊन ती चारशे सतरा कार्डं वेचून काढली आणि पिशवीतून घरी आणली. दोनशे तीन टिंबवाली, एकशे एकतीस रेघवाली, त्र्याऐंशी रिकामी. चादरींच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलीत. त्या चारशे सतरा लिफ्टबद्दल जगात कोणाला काही ठाऊक असेल तर मला. हे लिहिताना हसू येतंय.

२३ जानेवारी, मंगळवार

चकाचक स्वतः खिडकीशी आला. मी पाकिटांवर शिक्के मारत होते, मारत राहिले.

“बाई, त्या दिवशी मी जे बोललो...”

ठाप. ठाप.

“...ते बरं नव्हतं. सगळ्यांसमोर तर नव्हतंच.”

ठाप. मला बैठकीत माशी म्हणायचं आणि माफी कुठे, तर टपालाच्या खिडकीत, कोणी नसताना. मी मान वर केली नाही. मग म्हणाला, “तुमच्या खुणा पुसल्या त्यामागे माझा एक हेतू होता. एकोणीस वर्षांपूर्वीच्या खुणेवर आज विसंबू नये. जिथे तारीख नाही तिथे पुन्हा माणूस पाठवायचा, सगळीकडे. मी सहा तपासनीस वाढवून मागितलेत. तीनशे बारा लिफ्ट आहेत, चार महिन्यांत होईल.”

तीनशे बारा! अरे शहाण्या, त्यात बिनतारखेच्या नाहीतच. जिभेच्या टोकावर आलं होतं. एक वाक्य, बास. मी जीभ दाताखाली धरली आणि म्हटलं, “पोस्टाची वेळ झाली, साहेब.”

गेला. चेहरा पडला होता. पडू दे.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

चष्मेवाल्यांचं कंत्राट आज संपलं. निघताना विचारलं, “सांगितलंत ना?”

“सांगितलं.”

“काय म्हणाले?”

“बघतो म्हणाले.”

खोटं बोलताना माझा कान गरम होतो, लहानपणापासून. ताई त्यावरूनच पकडायची. चष्मेवाल्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “बरं झालं बाई. माझी झोप उडाली होती.” माझी नाही उडाली. म्हणजे, घरी आल्यावर जरा आडवी झाले तर डोळा लागला नाही, पण ते चहामुळे.

११ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. आज येशील का, लिफ्टनं पुन्हा हिसका दिला, तू एकदा बघून जा.

मी आरशासमोर उभी राहून प्रश्नाची तालीम करत होते. ‘साहेब, एकूण किती?’ हे कसं विचारायचं, गोड की करडं? गोडच. मी ताईला म्हटलं, “अगं, तेल कमी झालं असेल. तुमच्या लिफ्टला तारच नाही, तर तुटणार काय?”

“तू म्हणतेस तर असेल,” ती म्हणाली. “शेजारणीला पण तेच सांगते. ती जिन्यानं चढते भीतीनं.”

पुढच्या रविवारी जाईन. नाही, त्याच्या पुढच्या. २२ तारीख होऊ दे.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहावं की नाही कळत नाही, पण लिहिते. आज टपालात तक्रार आली. बाजाराच्या मागच्या पाच मजली इमारतीत लिफ्टची तार तुटली. आत फक्त एक कपाट होतं, नवं घेतलेलं. हमाल जिन्यानं चढत होते म्हणून वाचले. दीड मजला खाली येऊन लिफ्ट अडकली. कपाटाचा चुरा.

घरी येऊन कार्ड काढलं. टिंब.

कोणी आत असतं तर? मी जानेवारीतच सांगितलं असतं तर? उद्या सकाळी सरळ चकाचकच्या खोलीत जावं आणि गठ्ठा टेबलावर टाकावा, असं मनात आलं. मग दिसलं, तो गठ्ठा उचलेल, मंडळापुढे नेईल आणि सांगेल, आम्ही शोधून काढलं. ‘आम्ही’! आणि मी खिडकीत शिक्के मारत बसेन.

सहा दिवस राहिलेत. सहा दिवसांत काय होतंय?

२२ फेब्रुवारी, गुरुवार

झालं. मनासारखं झालं!

सगळं सविस्तर लिहिते, पुन्हा पुन्हा वाचायचंय मला. दालन भरलं होतं. चकाचकनं पडद्यावर दाखवलं: जुनी तार तीनशे बारा, चांगली तार एक हजार चारशे अकरा. अध्यक्षीणबाईंनी मान डोलावली. मी मागच्या रांगेतून उठले आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “साहेब, शहरात एकूण लिफ्ट किती?”

“दोन हजार एकशे चाळीस.”

“मग बेरीज करून दाखवता का?”

त्यानं केली. सगळ्यांसमोर, फळ्यावर, हातानं. खडू अर्ध्यात थांबला. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते मी आज डोळ्यांनी पाहिलं. मग मी दोन गठ्ठे नेऊन अध्यक्षीणबाईंसमोर ठेवले. म्हटलं, “या त्या चारशे सतरा. यांच्यावर माश्या बसल्या होत्या.”

कोणी हसलं नाही. ज्यांनी जानेवारीत दात काढले होते ते बुटांकडे बघत होते.

चकाचकनं माझं नाव घेतलं नाही, सबब सांगितली नाही. म्हणाला, “चूक माझी आहे. माझं काय करायचं ते करा, पण आज, आत्ता, चारशे सतराच्या चारशे सतरा लिफ्ट बंद करा.”

मी म्हटलं, “सगळ्या कशाला? एकशे एकतीसला तारच नाही. दोनशे शहाऐंशी बंद करा.”

“त्या रेघा कशावरून आहेत ते मला दोन दिवस बघू द्या,” तो म्हणाला. विनवणीच करत होता. “तोवर बंद असू द्यात.”

“मागे एकेक कागद चिकटवलाय.”

“मग बघायला हरकत काय आहे, बाई?”

हरकत! माझ्या रेघा तपासणार, तो! मी अध्यक्षीणबाईंकडे वळून म्हटलं, “एकोणीस वर्षांत माझी एकही रेघ चुकलेली नाही. सव्वाशे इमारतींतली म्हातारी माणसं उगाच घरात कोंडायची का?” बाई म्हणाल्या, “यांचं ऐका. ज्यांना कामाची माहिती आहे त्यांचं ऐका.” आणि चकाचककडे बघून, “तुम्ही खाली बसा.”

खाली बसा! आहाहा. टिंबांचा आणि रिकाम्यांचा गठ्ठा मंडळानं ठेवून घेतला. रेघांचा मी दोरीनं बांधून घरी आणला. त्याच्या हाती लागू द्यायचा नाही.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

कार्डखोली परत मिळाली. चकाचकची चौकशी लागली, ती होईपर्यंत खुर्ची त्याचीच. दोनशे शहाऐंशी लिफ्टना लाल पट्ट्या. शिपायानं चहा आणून दिला, न मागता.

२५ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. खूश होती. शेजारच्या इमारतीच्या लिफ्टला लाल पट्टी लागलीय, आमची तेवढी चालू. दोन्ही इमारतींची गच्ची एकच, त्यामुळे तिकडचे सगळे आमच्याच लिफ्टनं वर येतात आणि गच्चीवरून आपल्या जिन्यानं खाली उतरतात. “नुसती जत्रा लागलीय,” म्हणाली. “मी सगळ्यांना सांगते, माझ्या धाकटीनं हे पकडलं म्हणून.” तिला खुळी म्हटलं, पण छाती फुगली माझी. भाऊजींनीही फोन घेऊन ‘शाबास’ म्हटलं. पुढच्या रविवारी नक्की जाईन.

२६ फेब्रुवारी, सोमवार

ताईची लिफ्ट पडली. सकाळी साडेनऊला. पाचव्या मजल्यावरून. आत पाच माणसं.

ताई शस्त्रक्रियेच्या खोलीत आहे.

तारेनं चालणारी होती. तार कुजली होती.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी कपडे आणायला घरी आले. ताई जिवंत आहे. दोन्ही पाय आणि कंबर मोडलीय. चालेल का विचारलं तर डॉक्टर म्हणाले, सध्या तो प्रश्न नको. बाकी चौघांपैकी एका बाईंच्या मणक्याला लागलंय, तिघांचे हातपाय.

गठ्ठा सोडला. ते कार्ड काढलं. आडवी रेघ, माझ्याच हातची, पेन्सिलीची. उलटं केलं. मागे कागद नाही. एकशे तीस कार्डांच्या मागे कागद, आणि याच्या मागे काही नाही.

आठ मजले. तेलावरची लिफ्ट आठ मजले जात नाही. हे मला माहीत होतं. मीच नव्या तपासनिसांना शिकवते. चौदा वर्षं दर रविवारी त्याच लिफ्टनं वर गेले आणि एकदा माझ्या डोक्यात आलं नाही.

चकाचकचा निरोप आलाय: ते कार्ड पाहायचंय, उद्या दवाखान्यात येतो. मी कार्ड हातात धरून बसले. एक कार्ड लगद्यात गेलं असं म्हटलं तर? लगद्याला त्यानंच पाठवली होती. यंत्रात तिथे रिकामं आहे, तेही त्यानंच केलेलं. दोन तुकडे करायचे आणि मोरीत पाण्याखाली धरायचे, मिनिटभराचं काम. त्याचं नाव कायमचं जाईल आणि माझं राहील.

फाडायला घेतलंही. कडेला अर्धा इंच फाटलंय.

मग वाटलं, मी कशाला फाडू? मी काय मनानं रेघ मारली? मला सांगितलं गेलं. ‘मी माझ्या डोळ्यांनी तेल ओतताना पाहिलंय.’ लिफ्टच्या यंत्राला वंगण म्हणून घालायचं तेल ते! एवढं कळू नये? उभा जन्म चित्रं काढण्यात गेला आणि सगळ्यात अक्कल पाजळायची. माझी ताई त्यांच्यामुळे तिथे पडलीय. उद्या तोंडावर सांगणार आहे. सोडणार नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. सकाळी आठ वाजता, दवाखान्याच्या पॅसेजमध्ये. भाऊजी थर्मास घेऊन येत होते. मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं होतंत तेलावरची. तुमच्या शब्दावर मी लिहिलं. तुम्ही पाडलंत तिला.” आणखीही बोलले, ते इथे लिहीत नाही. त्यांनी थर्मास बाकावर ठेवला आणि ते शेजारी बसले. मला बरं वाटलं, खरं सांगते, दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

दहाला चकाचक आला. दाढी वाढलेली. त्यानं ताईची चौकशी केली, मग हात पुढे केला. मी कार्ड दिलं. रेघेकडे त्यानं पाहिलंच नाही. त्यानं कार्ड उलटं केलं.

“मागे कागद?”

“तोंडी माहिती. बहिणीच्या यजमानांची.”

त्यानं त्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवला. त्यानं एकदा म्हणावं, ‘मी सांगत होतो बाई’, मग मी त्याला असं काही सुनावणार होते... पण म्हणालाच नाही. खिशातून अपघाताच्या चौकशीचा कागद काढला. त्यावर नवा रकाना होता, ‘कशावरून’. विचारलं, “त्यांचं नाव घालू?”

“घाला,” मी म्हटलं.

दुपारी ताई शुद्धीवर आली. आवाज अगदी खोल गेलाय. मी कापसानं ओठ ओले करत होते.

“धाकटे,” म्हणाली, “ती शेजारच्या इमारतीतली बाई आत यायला तयार नव्हती गं. इतकी गर्दी बघून. मीच तिला ओढलं. म्हटलं, घाबरू नका, माझ्या बहिणीनं पाहिलंय.”

मणक्याला लागलंय ती हीच बाई.

मग डोळे मिटूनच विचारलं, “पाहिलं होतंस ना?”

कान गरम व्हायला लागला. तिला दिसला असता. मी म्हटलं, “नाही ताई. पाहिलं नव्हतं. विचारलंसुद्धा नव्हतं नीट. भाऊजी म्हणाले तेलावरची, मी रेघ मारली.”

मला वाटलं झोप लागली. मग तिनं माझा हात चाचपला आणि धरला.

“हे त्यांना कळू देऊ नकोस,” म्हणाली. “त्यांना वाटेल त्यांच्यामुळेच झालं. नाही सहन व्हायचं त्यांना. आपल्या दोघींत ठेव.”

मी ‘बरं’ म्हणाले.

“आणि ते आहेत कुठे? दिसले नाहीत अजून.”

बाहेर जाऊन बघून आले. भाऊजी त्याच बाकावर होते. थर्मास जिथे ठेवला होता तिथेच होता, झाकण न उघडलेला. मी आत चला म्हटलं, तर त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.